छातीवरचा चेहरा

तुम्ही तिला विचारलं नव्हतं. फोटो काढताना नाही, चोवीस वर्षं फायलीत ठेवताना नाही, आणि आज अख्ख्या सान्तियागोच्या छातीवर तो चिकटवताना तर नाहीच. संस्थेच्या वरच्या मजल्यावर, पायाशी हीटर घेऊन, कॉफी पीत तुम्ही तो निवडलात. कुणीतरी म्हणालं असणार, हा घ्या, हिचे डोळे बघा, माणसाचा हात आपोआप खिशात जातो. बाकीच्यांनी माना हलवल्या असणार. एकालाही असं वाटलं नाही की ही पोर पुढे मोठी झाली असेल, तिला घर असेल, नवरा असेल, शुक्रवारी सकाळी सव्वासातला ती कुठेतरी पाव जोखत उभी असेल आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या कोटावर तिला तिचाच तेरा वर्षांचा चेहरा दिसेल. तुम्हाला ते वाटणार कसं? तुमच्या लेखी ती पोरं मोठी होतच नाहीत. तेरा वर्षांचीच राहतात, कुडकुडत, तुमच्या सोयीने.

यातलं काही यास्ना मोठ्याने बोलली नाही. ती म्हणाली, "अर्धा किलो ना? गोल की लांब?" आणि कोटवाला म्हातारा म्हणाला, "लांब. कडक बघून दे, पोरी." तिने चिमट्याने मराकेता पाव उचलले, पिशवीत टाकले, काटा थरथरून थांबला, आणि तो थांबेपर्यंत तिची नजर म्हाताऱ्याच्या छातीवरून हलली नाही. बशीएवढं गोल स्टिकर. त्यात उकिडवी बसलेली मुलगी, केसांनी अर्धा चेहरा झाकलेला, हनुवटी पिवळ्या स्वेटरच्या गळ्यात खुपसलेली, बाह्या बोटांच्या पार पुढे आलेल्या. खाली लिहिलेलं, एकही मूल रस्त्यावर नको. चेहरा यास्नाने नंतर पाहिला. आधी पाहिला तो स्वेटर, त्याच्या डाव्या खांद्यावरची ती उसवलेली वीण, जी तिच्या बोटांना अजून पाठ होती. तेवढ्यात म्हातारा पाव घेऊन निघूनही गेला, तिला पाठीवर घेऊन नाही, पुढे छातीवर मिरवत.

वर्षातून दोन-चारदा असे दिवस येतातच. कधी कर्करोगवाले, कधी अंधशाळा, कधी ही रस्त्यावरच्या पोरांची संस्था. प्रत्येक कोपऱ्यावर शाळेची पोरं डबे खुळखुळवत उभी असतात. डब्यात नाणं टाकलं की छातीवर स्टिकर मिळतं, आणि ते असलं की पुढच्या कोपऱ्यावर कुणी अडवत नाही. खरं तर माणसं पैसे देतात ते या मोकळीकीसाठी. दहा वाजेपर्यंत शहरात स्टिकर नसलेला माणूस चोरासारखा दिसायला लागतो. यास्नाने स्वतः ते कितीदा लावले होते, वाचलेसुद्धा नव्हते, संध्याकाळी कपड्यांबरोबर धुण्यात गेले की त्यांचा लगदा खरवडत बसायची. आणि रेकोलेता भागातल्या या पावाच्या दुकानात गल्ला उंच, यास्ना बुटकी. तिला दिवसभर गिऱ्हाइकांचे चेहरे कमी आणि छात्या जास्त दिसायच्या. आज प्रत्येक छातीवर ती होती. शिक्षिकेच्या शालीवर, वीजवाल्याच्या अंगरख्यावर, एका तान्ह्या बाळाच्या टोपीवरसुद्धा.

"आज सगळा रेकोलेता पुण्यवान झालाय," शेजारच्या वजनकाट्यावरून एल्बा म्हणाली. एल्बा साठीची, दुकानात सगळ्यात जुनी, मालकालाही न भिणारी. "उद्या चिकटपट्टी सुटली की होतील परत जसेच्या तसे."

"मी नाही हं देत त्या पोरांना," रांगेतली एक बाई म्हणाली. तिच्या छातीवर स्टिकर होतं. "पैसे दिले की बुटाचं सोल्यूशन आणून हुंगतात."

"मग हे काय लावलंय, ताई?"

"अहो, नाहीतर प्रत्येक सिग्नलला तोंडापुढे डबा. हे लावलं की सुटले बाई."

"बरोबर आहे," एल्बा म्हणाली. "आमच्याकडे माश्यांसाठी कापूर ठेवतात, तसंच." रांग हसली. ती बाईही हसली. यास्ना हसली, कारण न हसणारी माणसं लक्षात राहतात.

साडेदहाच्या सुमाराला संस्थेची एक कार्यकर्ती दुकानातच आली. मालकाने डब्यात नोट टाकली, सगळ्यांच्या वतीने म्हणाला, आणि त्या बाईने हसत हसत तिघांच्या एप्रनवर स्टिकरं थापली. बोटांनी दाबून, नीट बसेपर्यंत. यास्नाला त्या बोटांचा दाब बरगडीपर्यंत जाणवला. आता ती स्वतःला स्वतःच्या छातीवर घेऊन उभी होती, उलटी. खाली पाहिलं की त्या मुलीचे डोळे खालून वर तिच्याकडे लागत होते. काढून टाकावं तर एल्बा विचारील, का गं. ठेवावं तर कुणाची तरी नजर स्टिकरवरून वर चेहऱ्यावर येईल, पुन्हा खाली जाईल, पुन्हा वर येईल. तिने एप्रनचा पट्टा सैल केला, गल्ल्याला जास्तच चिकटून उभी राहिली, आणि पिठाच्या गरम वासातून तिला एकदम मापोचोचा वास आला.

नदी म्हणायचं, पण ती सिमेंटच्या खंदकातून जाणारं तपकिरी पाणी. डोंगरावरचा बर्फ वितळून येणारं, उन्हाळ्यातसुद्धा हाडं दुखवणारं. पुलाखाली सिमेंटचा एक कट्टा होता, दोन माणसं शेजारी झोपली तर तिसऱ्याने पाण्यात पडायचं एवढाच रुंद, पण लांबलचक. त्यावर अकरा पोरं आणि चार कुत्री. कुत्री मधे झोपायची, पोरं कडेने, कारण ऊब कुत्र्यांना असते. यास्ना तिथे का गेली हे तिला आठवत नाही; म्हणजे आठवतं, पण घरातल्या ज्या माणसामुळे ती पळाली त्याला ती डोक्यात तेवढीही जागा देत नाही. पुलाखाली कशालाच एक मालक नव्हता. मिळालेलं अन्न सगळ्यांचं, चप्पल ज्याला बाहेर जायचं त्याची. आणि पिवळा स्वेटर दोघींचा, एक दिवस यास्नाचा, एक दिवस पिसूचा. पिसू म्हणजे तिच्या शेजारी झोपणारी मुलगी. कुठेही टुणकन उडी मारून चढायची, म्हणून पिसू. दोघी एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या, दोघींचे केस उवांपायी एकाच दिवशी, एकाच कात्रीने कापलेले. ज्या दिवशी स्वेटर आपल्याकडे, त्या दिवशी भीक मागायला आपण जायचं, दुसरीने कुत्र्यांत बसायचं. संध्याकाळी अंगातून काढून द्यायचा तेव्हा तो दुसरीच्या अंगात गरम गरम जायचा. यास्नाला अजून कधी कधी वाटतं की इतकी ऊब तिला नंतर मिळालीच नाही; मग घर आठवतं, लेक रायेन आठवते, आणि असं वाटल्याची तिला लाज वाटते.

मग एकदा एक फोटोवाला आला. बरोबर फाईल घेतलेली संस्थेची एक बाई. बिस्किटांचे पुडे वाटले. कॅमेरा खचाखच वाजत राहिला, कुणाकडे वळतोय हे बिस्किटं खाताना कोण बघतो. आठ-दहा दिवसांनी पांढरी गाडी आली. फाईलवाली बाई कट्ट्याच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, पिवळा स्वेटर घातलेली मुलगी, चल बाळ, तुझ्यासाठी जागा झालीय. एक जागा. त्या दिवशी स्वेटर यास्नाच्या अंगात होता. ती गेली. मागे वळून म्हणाली, पिसूला पण घ्या ना, आणि बाई म्हणाली, पुढच्या वेळी. महिन्याभराने संस्थेतून पळून यास्ना पुलाखाली गेली तेव्हा नगरपालिकेने कट्टा धुऊन काढला होता. नुसतं ओलं सिमेंट. कुत्रीसुद्धा नव्हती. आल्या वाटेने ती परत संस्थेत गेली.

संस्थेत तिला अंथरूण मिळालं, शाळा मिळाली, काळजी घेणाऱ्या बायका मिळाल्या, ज्यांना सगळ्यांनी मावशी म्हणायचं. आणि दर नाताळला एक कोरा कागद मिळाला. देणगीदारांना पत्र लिहायचं. मावशी सांगायच्या, लिही, इतक्या मुलांमधून माझी निवड झाली म्हणून मी आभारी आहे. पाच वर्षं तिने ते लिहिलं, वळणदार अक्षरात. लिहिताना हात जड व्हायचा, कारण निवड झाली म्हणजे तिच्यात काहीतरी असणार, आणि जे असणार ते तिने फोटोवाल्यापुढे मुद्दाम केलं असणार. डोळे मोठे केले असतील. पिसूच्या पुढे बसली असेल. आठवत नव्हतं, पण केलंच असणार, नाहीतर तिलाच का? अठराव्या वाढदिवसाला केक कापला आणि दुसऱ्या दिवशी हातात बॅग दिली. संस्थेचा नियम, अठरानंतर तुम्ही मूल नाही. त्या बॅगेतून तिने बाकी सगळं आणलं, फक्त नदी आणली नाही. पुढे तिचा नवरा झालेल्या वाल्दोशी ओळख झाली तेव्हा तिने त्याला सांगितलं की मला तल्का गावच्या मावशीने वाढवलं. मग त्या मावशीला संधिवात द्यावा लागला, कोंबड्या द्याव्या लागल्या, शेवटी मरण द्यावं लागलं. वाल्दो भला माणूस. दर एक नोव्हेंबरला, सगळे जण कबरींवर फुलं घेऊन जातात तेव्हा, विचारायचा, एकदा जाऊ या का गं तल्काला? आणि यास्ना म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. सोळा वर्षं ती मावशी तल्काच्या मातीत बिनकबरीची पडून होती.

दुपारी तीनला काचेचं दार ढकलून रायेन आत आली आणि यास्नाच्या हातातला चिमटा ट्रेवर आपटला. चौदा वर्षांची लेक, शाळेच्या गणवेशात, गळ्यात पट्ट्याने लटकवलेला डबा. शाळेने नववीच्या सगळ्या मुलींना कोपऱ्यांवर उभं केलं होतं. हे यास्नाला माहीत होतं, पण कुठल्या संस्थेसाठी हे तिने सकाळी विचारलं नव्हतं. डब्याला गोल गुंडाळलेला तोच फोटो होता, मोठा, तळहातापेक्षा मोठा.

"आई, भूक लागलीय. आणि गंमत ऐक ना, सगळ्या मला चिडवतायत. म्हणतात, रायेन, तुझाच फोटो आहे, आम्हाला फसवून पैसे गोळा करतेस."

एल्बाने मान वळवली. डब्याकडे पाहिलं, रायेनकडे पाहिलं. "दिसते खरी," ती म्हणाली. "नाक तेच."

"होय ना? भूगोलाच्या बाई तर म्हणाल्या, घरी विचार, कुणी नात्यातली असेल."

यास्ना म्हणाली, "एल्बा, माझा काटा सांभाळ जरा. पाच मिनिटं." आणि लेकीला मनगटाला धरून मागे घेऊन गेली, भट्टीच्या खोलीच्या अलीकडे, जिथे पिठाची पोती रचलेली असतात. तिने काही ठरवलेलं नव्हतं. आत जाईपर्यंत तिला वाटत होतं की आपण सांगणार, असतात माणसं सारखी दिसणारी. पण खोलीत दिवसभरात पहिल्यांदा समोर कुणाची छाती नव्हती, समोर लेकीचा चेहरा होता, आणि सोळा वर्षं वाहिलेल्या त्या मेलेल्या मावशीचं ओझं एकदम सहन होईना. ती पोत्यावर बसली. "ती मी आहे," ती म्हणाली. मग नदी सांगितली, कट्टा सांगितला, कुत्री, सोल्यूशन, पांढरी गाडी, पत्रं. सगळं उलटंसुलटं, जसं येईल तसं. रडली नाही. बोलताना एप्रनवरचं पीठ झटकत राहिली, पीठ नव्हतं तिथलंही.

रायेन डब्यावरच्या फोटोकडे बघत होती. आता ती एक पाऊल मागे सरकणार, यास्नाला वाटलं, एकच पाऊल, फार काही नाही, पण आयुष्यभर तेवढं अंतर राहणार.

"म्हणजे तल्काची आजी नव्हतीच?"

"नव्हती."

"कोंबड्या?"

"नाही."

"आई, मी तिच्यावर निबंध लिहिलाय. 'माझी न पाहिलेली आजी'. सातपैकी साडेसहा मिळाले होते. बाई रडल्या होत्या."

यास्नाने तिच्याकडे पाहिलं. रायेनचा खालचा ओठ थरथरत होता, आणि तो रडण्याने नाही हे कळायला यास्नाला एक क्षण लागला. मग दोघींनाही हसू आवरेना. पोत्यांवर कोसळून, तोंडात एप्रनचा बोळा धरून हसल्या. मालक डोकावला, म्हणाला, "काय चाललंय? बाहेर रांग लागलीय," आणि परत गेला. हसता हसता यास्नाच्या खांद्यातून काहीतरी उतरलं, खरंच उतरलं, हात हलके झाले, जसं पोतं भट्टीपाशी टाकल्यावर होतात. एवढंच होतं तर. या एवढ्यासाठी ती सोळा वर्षं नजरा चुकवत होती.

"बाबांना सांगू या," रायेन डोळे पुसत म्हणाली. "ते बिचारे फुलांचे पैसे बाजूला ठेवतात दर वर्षी." आणि मग डबा मांडीवर फिरवून, फोटोवर बोट ठेवून, अगदी सहज म्हणाली, "पण ही तू नाहीयेस."

"मीच आहे. स्वेटर ओळखते ना मी."

"स्वेटर असेल. कान बघ. सकाळी मुली चिडवत होत्या म्हणून मी शाळेच्या आरशात डबा चेहऱ्याशी लावून पाहिलं. आपल्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, माझी पण, तुझी पण. म्हणून तर डूल वाकडे बसतात आपल्याला. हिची सुटी आहे. लोंबतेय. बघ ना."

यास्नाने पाहिलं. केसांच्या खाली, पिवळ्या लोकरीच्या वर, गोल, लोंबणारी, मांसल पाळी. थंडीत लाल व्हायची ती. कुत्र्याचं पिल्लू तीच चोखायचं आणि पिसू ओरडायची नाही, म्हणायची, चोखू दे, त्याला आई नाही. एवढं लख्ख आठवलं की यास्नाने डब्यावर हात ठेवला. सबंध दिवस तिने हा चेहरा आपला म्हणून सोसला होता, कारण पुलाखाली राहिलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा कुठे माहीत असतो. आरसा नव्हता, असायचा तो फक्त कपडा. ज्याच्या अंगावर पिवळं, तो आपण.

आणि मग बाकीचं आलं, सावकाश, एकामागून एक. फोटोच्या दिवशी स्वेटर पिसूचा होता. फाईलवाल्या बाईने फोटो पाहून बोलावलं होतं ते पिसूला. गाडी आली त्या दिवशीसुद्धा खरं तर पिसूचाच दिवस होता. सकाळी पिसूच्या अंगाची लाही होत होती, तापाने, आणि तिने स्वेटर काढून यास्नाच्या अंगावर फेकला होता, घाल तू, मला उकडतंय. बस. एवढंच घडलं होतं. यास्नाने कुणापुढे डोळे मोठे केले नव्हते. कुणाच्या पुढे सरकून बसली नव्हती. तिला कुणी निवडलंच नव्हतं. जी पाच पत्रं तिने आभाराची लिहिली, जो उपकार ती सदतीस वर्षांच्या पाठीवर घेऊन वाकली होती, तो उपकार नव्हता, रंग होता. त्यांना मूल ओळखता आलं नाही, रंग ओळखता आला. हे वाईट होतं, भयंकर होतं, ताप पिसूला होता आणि गाडी यास्नाला घेऊन गेली. पण त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी इतका, एक मोठा मोकळा श्वास होता. आपण काही चोरलं नव्हतं. आपण कुणाचं काही देणं लागत नव्हतो. आणि जो देणं लागत नाही, तो विचारू शकतो.

"डबा कुठे जमा करायचाय?" तिने विचारलं.

"चौकात, मंडपात. पाच वाजेपर्यंत."

"चल."

"तुझी शिफ्ट संपली नाही अजून. एल्बा एकटी आहे."

एल्बा दारातच उभी होती, चिमटा हातात, कधीपासून कोण जाणे. "जा गं," ती म्हणाली. "मालकाला मी सांगते, तुझ्या दाताला कळ आलीय. आणि परत येऊन मला सगळं सांगायचं, ते अर्धंमुर्धं नको."

चौकातल्या मंडपात टेबल मांडलेलं, मागे तोच फोटो घराएवढा. त्या आकारात कानाबद्दल शंकाच उरत नव्हती. टेबलामागे नीट केसांची, रेशमी रुमालवाली बाई बसली होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, कोन्स्तान्सा. रायेनने डबा ठेवला. बाईने तिचे आभार मानले, सगळ्या मुलांच्या वतीने.

"या मुलीचं नाव काय?" यास्नाने विचारलं.

"कोणाचं?"

यास्नाने वर बोट केलं.

"अच्छा, ती. ती प्रातिनिधिक आहे, ताई. अशी हजारो मुलं आहेत ना, त्यांची प्रतीक म्हणून. जुन्या संग्रहातला फोटो आहे."

"हजारो असतील. ही एक आहे. मी हिच्या शेजारी झोपायचे."

बाईचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. ती खुर्चीतून उठलीच. "म्हणजे तुम्ही आमच्याकडच्या? किती छान. अहो, सहा वाजता इथे कार्यक्रम आहे, माईकवर दोन शब्द बोला ना. लोकांवर फार परिणाम होतो. ही तुमची मुलगी का? तिलाही घ्या बरोबर."

"बोलेन मी," यास्ना म्हणाली. तिचा आवाज शांत होता, इतका की रायेनने वळून पाहिलं. "तुम्हाला पाहिजे तितकं बोलेन. पण आधी तुम्ही. मला तिचं खरं नाव माहीत नाही. एक अख्खं वर्ष एका स्वेटरमध्ये राहिलो आणि मी तिला नाव विचारलं नाही, हे माझं झालं. तुमच्याकडे फाईल होती. फाईलवाली बाई होती. गाडी हिच्यासाठी आली होती आणि मला घेऊन गेली. हिला तेव्हा ताप होता. पुढच्या वेळी नेतो म्हणालात."

"ताई, हे मला एकदम कसं सांगता येईल? मी तर दोन वर्षांपूर्वी रुजू झाले. ऑफिसला विचारावं लागेल."

"विचारा."

"आत्ता? आज कलेक्शनच्या दिवशी सगळे गडबडीत असतात."

"आत्ता."

मागे रांग लागली होती, डबे घेतलेल्या मुलींची. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. यास्नाने एक रिकामी खुर्ची ओढली आणि बसली, पाय पसरून, दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईने बसावं तशी. खूप वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कोन्स्तान्साबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी उचलला, बाई हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या, एक महिला आहेत, जरा भावनिक झाल्या आहेत.

"भावनिक नाही," यास्ना म्हणाली. "द्या तो इकडे."

तिने फोन घेतला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता, शिकलेला, सौम्य, विचारत होता की आपण कोण बोलताय.

"मी कोण ते नंतर," यास्ना म्हणाली. "तुमच्या फोटोतल्या मुलीचं नाव काय, आणि तुम्ही पुढच्या वेळी गेलात तेव्हा ती तिथे होती का नव्हती?"